कालचीच रेघ

१

अंबाबाईची आण घेऊन सांगतो, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी समोर होतो. म्हणजे अगदी समोर नव्हतो. शाहूपुरीत खाली माझं झेरॉक्सचं दुकान, वर पत्र्याखाली त्यांचं ऑफिस आणि मध्ये एक लाकडी जिना. पण चहाच्या निमित्तानं माझं निम्मं आयुष्य त्या जिन्यावर गेलंय, तेव्हा समोर होतो म्हणायला हरकत नाही. आणि शब्द न् शब्द खरा म्हणजे, एक जागा सोडून. तिथं मी पदरचं घातलंय. कुठं, ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितलं तर तुम्ही तेवढंच चिमटीत धरून बसाल.

साल दोन हजार सहा. शिमगा होऊन गेलेला, पत्रा तापायला लागलेला.

ऑफिस प्रसेनजीत सरांचं. जयसिंगपूरचा माणूस, पुण्यात शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात सदा नवीन काहीतरी. उपग्रहानं वरून काढलेल्या फोटोंवर कॉम्प्युटरमध्ये रेघा ओढून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. सुरुवातीला उसाचं काम होतं. कुठल्या शिवारात किती ऊस उभा आहे, ते फोटोवर आखून द्यायचं. त्या कामासाठी त्यांनी अमरसिंहाला आणला. अमरसिंह बिद्रीच्या पुढच्या एका गावचा, चाळिशीचा, अंगानं आडवा गडी. उसाचे प्लॉट टेप लावून मोजण्यात त्याची उमर गेलेली. फोटोत नुसता हिरवा डाग दिसला तरी म्हणायचा, "ह्यो आडसाली, दीड वर्साचा. आन् ह्यो बांध औंदा कोरलाय बघा शेजाऱ्यानं."

त्या वर्षी परदेशातलं काम आलं. बर्फाचं.

कुठल्या तरी थंड देशाचा किनारा. नाव सरांनाही धड उच्चारता येत नव्हतं. तिथला समुद्र थंडीत गोठतो आणि आपल्याकडं उन्हाळा लागतो तेव्हा तिकडं तो बर्फ काठाकडून फुटायला लागतो. फोटोत किनाऱ्याला घट्ट चिकटलेला बर्फ पांढरा, त्याच्यापुढं फुटका, तरंगता, आणि त्याच्यापुढं काळं पाणी. चिकटलेला बर्फ जिथं संपतो, तिथं रेघ ओढायची. सकाळी फोटो यायचा, संध्याकाळी रेघ जायची.

"तिकडची माणसं ह्या बर्फावरनं मासे धरायला जातात," सरांनी समजावलं होतं. "रेघेच्या अलीकडं चालायचं, पलीकडं नाही. तेव्हा हयगय चालणार नाही. आणि फोटोत जिथं ढग आला असेल, तिथं अंदाज मारायचा नाही. ढगाखाली कालचीच रेघ. समजलं?"

"म्हंजे समुद्राचा बांध आखायचा की," अमरसिंह म्हणाला.

समोरच्या टेबलावर उसाचं काम करणारी रूपाली हसली. "अमरदा, हितं बांध कोरू नका फकस्त."

२

पहिली चूक लाईटनं केली. दुपारी लोडशेडिंगला लाईट गेली, यूपीएस केकाटला, अमरसिंहाचा हात दचकला आणि रेघेला एक कोचा पडला. आत शिरलेला, विळ्याच्या टोकासारखा. त्यानं तो पाहिलाच नाही. तिथं फोटोत ढग होता, म्हणून सरांनीही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ढग हटला होता. बर्फाच्या काठाला कोचा होता.

तिथंच. तसाच. विळ्याच्या टोकासारखा.

अमरसिंहानं डोळे चोळले. मग त्याची त्यालाच गंमत वाटली. काल आपण कोचा ओढला, म्हणून आज आपल्याला कोचा दिसतोय. ढगात माणसाला हत्ती दिसतो तसं. पण गडी मोजणीतला. त्यानं कालची रेघ आजच्या फोटोवर ठेवून बघितली. मधून केस जाईल एवढीही फट नव्हती.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, पण मला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, कारण माझ्यावर कोण विश्वास ठेवतो?

पुढच्या वेळी ढग आला तेव्हा त्यानं मुद्दाम खोडी काढली. ढगाखाली कालच्या रेघेऐवजी आपल्या मळ्याच्या कोपऱ्याचा आकार काढला. काटकोन, आणि काटकोनाला विहिरीएवढं पोट. असला कोपरा देव काढत नाही. तो भावकीच्या वाटणीतून निघतो.

ढग सरला. पांढऱ्या बर्फाच्या काठाला काटकोन होता, आणि काटकोनाला पोट होतं.

अमरसिंहानं माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर पुसला. तळहात ओला आणि गार होता. वर पत्रा तडतडत होता, पंखा गरम वारा ढकलत होता. आणि त्याच फोटोत, रेघेच्या पलीकडं, फुटक्या बर्फाच्या एका मोठ्या तुकड्यावर त्याला पहिल्यांदा ते दिसलं. पुढं दोन बारके काळे ठिपके जोडीनं. मागं एक जरा मोठा.

त्यानं रुमालानं मॉनिटर पुसला. ठिपके पुसले गेले नाहीत.

३

उसाचे फोटो बघून बघून ज्याचा डोळा तयार झालाय, त्याला हे ओळखायला वेळ लागत नाही. हंगामात फडाच्या वाटेनं उसाची गाडी चाललेली असली, की उपग्रहाच्या फोटोत ती अश्शीच दिसायची. पुढं दोन बैल, मागं गाडी.

इथं अमरसिंहाच्या घरचं सांगायला पाहिजे.

आदल्या वर्षीच्या महापुरात त्याचा बाप, सयाजी, गाडी-बैलासकट गेला होता. जनावरांना वैरण आणायला नदीपलीकडच्या वावरात गेलेला म्हातारा. येताना बंधाऱ्यावरून पाणी चाललेलं. लोक म्हणाले, थांब. म्हातारा म्हणाला, बैलांना वाट ठाऊक आहे. पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. पाणी उतरल्यावर खाली पार कर्नाटकापर्यंत माणसं शोधून आली. गाडीची फळी नाही, बैलाची कासरादोरी नाही, काही नाही. म्हणून अमरसिंहाच्या आईनं, बायडाबाईनं, कुंकू पुसलं नव्हतं. भावकीनं दिवस घालायचा विषय काढला, की ती उठून चुलीपुढं जाऊन बसायची.

"मढं दावा," म्हणायची. "मग बोला."

रोज संध्याकाळी भाकरीचा एक तुकडा आणि तांब्याभर पाणी उंबऱ्याशी ठेवायची. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला.

हे सगळं डोक्यात घेऊन रोज रंकाळा स्टँडवर उतरणारा माणूस, आणि त्याच्यापुढं पांढऱ्या बर्फावर एक बैलगाडी. त्याला सारखा कारणं देत होता त्याचा शहाणपणा. कॅमेऱ्यातली खोट असेल. पण खोट असती तर रोज त्याच जागी दिसली असती. हे तर दुसऱ्या दिवशी सरकलेलं होतं. खडक असेल. खडक सरकतो? तिकडच्या माणसांची घसरगाडी असेल, कुत्र्यांनी ओढायची. असेल की. माणसं तर माणसं. पण ती रेघेच्या पलीकडं, तुटक्या तुकड्यावर अडकली होती. मध्ये काळं पाणी होतं. तुकडा दिवसेंदिवस झिजत होता आणि गाडी त्याच्या अलीकडच्या काठावर येऊन उभी होती.

थांबलेल्या बैलांची नजर कुठं असते हे फोटोत दिसत नाही. तरी अमरसिंहाला ते इकडं बघतायत असं वाटलं.

त्या दिवशी त्या जागेवर ढगाची एक झिरझिरीत कड आली होती. सरांचा नियम, कालचीच रेघ. अमरसिंहानं इकडं तिकडं पाहिलं आणि बांध सारला. काळ्या पाण्यावरून रेघ पुढं नेऊन त्या तुकड्याला जोडून टाकली.

४

सकाळी तिथं बर्फ होता. वसंतात, रोज मागं हटणाऱ्या काठात, एकच जीभ पुढं आलेली. गाडी तिच्यावर चढली होती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. पुढची चीर उघडायची, ढगाची कड मिळाली की अमरसिंह ती बुजवायचा. गाडी तेवढीच अलीकडं यायची. घरी जाताना त्याचं तोंड उजळलेलं असायचं. मी जिन्यात विचारलं, "काय मर्दा, पगार वाढला काय?"

"न्हाय. एक काम मार्गी लागाय लागलंय."

आवाज त्याच सुमारास सुरू झाला.

आधी त्याला वाटलं, खालच्या बोळात कुणीतरी घमेलं टाकलं. खण्ण. खोल, लांबचा, जमिनीतून आल्यासारखा. टेबलावरच्या चहाच्या बशीत कप हलला. मग बराच वेळ काही नाही. सर फोनवर बोलले, रूपालीनं डबा खाल्ला, माझ्या दुकानातलं मशीन तापून बंद पडून परत सुरू झालं. आणि मग दुसरा आवाज. हा वेगळा. फुटका. खद्द.

अमरसिंह खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

सयाजीच्या बैलांच्या गळ्यात दोन घंटा होत्या. खिलारी बैलाची खणखणीत. जोडीदाराची एकदा दगडावर आपटून तडकलेली. म्हातारा ती बदलायचा नाही; म्हणायचा, अंधारात गाडी माझी हाय हे कळाय नको? पाऊल पडलं की खण्ण, पाऊल पडलं की खद्द. अमरसिंहाचं बालपण त्या आवाजावर झोपी गेलेलं. पण तो आवाज कसा, भराभर, चालीचा. इथं एका पावलात आणि दुसऱ्या पावलात माणसाचं जेवण होत होतं.

"रूपाली, ऐकलंस?"

"काय? घंटा व्हय? कुठल्यातरी देवळातली असंल की."

त्या दिवशी घरी गेला तर आई अंगणात बसलेली. शेजारची धोंडुबाई तिला आत चल म्हणत होती.

"बघ की रं अमर, सकाळधरनं हलंना झालीया," धोंडुबाई म्हणाली.

बायडाबाई हसली. महापुरानंतर पहिल्यांदाच. "गाडी याय लागलीया," म्हणाली. "तडकी घंटा मीबी वळखत्ये. पर लई सावकाश चाललीत रं बैलं. दमली असतील."

५

वैशाखात काम संपत आलं. काठावर आता थोडाच बर्फ उरला होता. गाडी आणि जमीन यांच्यात शेवटची चीर राहिली होती, अमरसिंहाच्या करंगळीएवढी.

रूपाली त्याच्या खुर्चीमागं कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नाही.

"अमरदा, हे काय ओ काळं?"

तो दचकला. मग खरं तेच बोलला. "गाडी हाय. अडकलीया बिचारी."

"गाडी?" ती वाकून बघायला लागली. "कसली गाडी?"

"अगं, पुढं दोन बैलं, मागं गाडी. आपल्या फोटोत दिसत्यात तशी. तिकडं कुत्री असतील."

रूपालीनं पट्टी धरावी तसा माऊस हातात घेतला आणि एका ठिपक्यावर नेऊन ठेवला.

"अमरदा, तुम्ही उसाच्या फोटोच्या हिशेबानं बघताय. त्यात एक चौकोन म्हंजे जेवायला बसायचा एक पाट. बर्फाचा फोटो लांबनं काढल्याला असतोय. ह्यात एक चौकोन पाव किलोमीटरचा. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं की." तिचा आवाज बारीक झाला. "ह्या एका ठिपक्यात आख्खं खासबाग मैदान मावंल. प्रेक्षकांसकट."

अमरसिंह बघत राहिला. पुढं दोन ठिपके. मागं एक मोठा.

एवढे दिवस त्यानं मोजलं नव्हतं. ज्याची उमर मोजण्यात गेली त्यानं. बैल दिसले आणि टेप हातातून पडला.

"मग जहाज असंल," तो म्हणाला.

"जोडीनं चालणारी जहाजं?" रूपाली म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं माऊस सोडला.

खाली बोळात रिक्षा वाजत होत्या. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आणि त्या सगळ्याच्या खालून, जमिनीतून, खण्ण. बशीतला कप या वेळी नुसता हलला नाही. सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. रूपालीनं तो धरला.

दोघंही दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. मोठ्या जनावराचं पाऊल पडायला वेळ लागतो. लहान घंटा भराभर वाजते.

खद्द.

"जोडू नका," रूपाली कुजबुजली. त्यानं बांध सारल्याचं तिला कधी, कसं कळलं होतं कोण जाणे. "अमरदा, ते कुणी का असंना. जोडू नका."

६

शेवटच्या दिवशी त्या चिरेवर ढग होता. बरोब्बर तेवढ्यावरच, कुणी फुंकर मारून ठेवल्यासारखा.

सर जयसिंगपूरला गेले होते. रूपालीनं आपलं काम बाजूला ठेवलं होतं. अमरसिंह माऊसवर हात ठेवून बसला होता आणि त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. रेघ कालचीच ठेवली, तर चीर उघडी राहणार, बर्फ सुटणार आणि जे काही त्याच्यावर उभं आहे ते पाण्यात जाणार. दुसऱ्यांदा. त्याच्या हातानं. आणि जोडली तर ते जमिनीला लागणार.

सकाळी निघताना आईनं तांब्या घासून लख्ख केला होता. भाकरीचा ताजा तुकडा काढून ठेवला होता. "आज लौकर ये," म्हणाली होती. "बाप येतोय, पोरानं घरात असाय पायजे."

त्यानं डोळ्यांपुढं बाप आणायचा प्रयत्न केला. पटका, मिशा, धोतराचा सोगा. नेहमीच्या मापाचा बाप. येईना. डोळ्यांपुढं येत होतं ते एक धोतर, पन्हाळ्याच्या तटावर वाळत घातल्यासारखं, आणि त्याच्या वरती इतकं उंच काहीतरी, की तिथवर मान वळेना.

अमरसिंहानं श्वास सोडला. ढगाखाली कालचीच रेघ ओढली. चीर उघडी ठेवली. फाईल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत काळं पाणी होतं. ठिपके नव्हते. आवाज थांबला. महिन्याभरानं बायडाबाईनं आपण होऊन भावकीला बोलावलं, दिवस घातला, आणि न्हाणीत जाऊन कुंकू पुसून आली. अमरसिंह मला म्हणाला, "सुटलो बघ." मी त्याला चहा पाजला.

७

आता कबूल केल्याप्रमाणं सांगतो. पदरचं घातलंय ते हे वरचं. त्यानं कालची रेघ ओढली इथपासून मी त्याला चहा पाजला इथपर्यंत. तेवढं खोटं.

त्यानं रेघ जोडली.

रूपालीनं त्याचं मनगट धरलं होतं. तो तिला म्हणाला, "पोरी, मोठा झाला म्हणून बाप बाप न्हाय व्हय?" आणि जोडली. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ठिपके जमिनीला लागले, आणि काळ्या जमिनीवर काळं काही दिसेना.

बर्फाचं काम संपलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वळवाचे दोन पाऊस झाले, गावोगाव ऊस लोळला, लोक वाऱ्याला शिव्या देत बसले. मग रूपालीकडं बिद्रीच्या बाजूचा नवा फोटो आला. तिनं मला वर हाक मारली. अमरसिंह आधीच तिथं उभा होता.

उभ्या हिरव्या उसातून दोन रेघा आल्या होत्या. ऊस आडवा पडलेल्या. उत्तरेकडून. एक ओढ्याच्या अलीकडच्या वावरांतून, एक पलीकडच्या. मध्ये साऱ्या वस्तीची रुंदी, पण दोन्हींतलं अंतर कुठंही कमी-जास्त नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला आपल्या वावरात थोडा ऊस लोळलेला दिसणार, दुसऱ्याला त्याच्या. दोन्ही मिळून काय आहे ते फक्त वरून दिसतं.

"वारा असंल," मी म्हणालो.

"चाकोरी हाय," अमरसिंह म्हणाला.

रेघा त्याच्या गावाच्या अलीकडं, ओढ्याच्या वळणावर थांबल्या होत्या. तिथं काही दिसत नव्हतं. ऊस नाही, वाट नाही. त्या तेवढ्या जागेवर ढग होता.

त्यानं खुर्ची ओढली. ढगावर माऊस नेला. घरी आई तांब्या भरून बसली होती. रेघ मागं ओढून बापाला ओढ्यात ढकलायची त्याची छाती नव्हती. पुढं ओढून दारात आणायचीही नव्हती. मग सरांचा नियम त्याच्या उपयोगी आला. रेघा जिथं थांबल्या होत्या तिथंच त्यानं आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

पावसाळा लागला आणि आभाळ भरून आलं. त्या अख्ख्या मुलखावर सलग ढग. तो रोज येतो, ढगाखाली कालची रेघ ओढतो आणि बिद्रीची एस्टी धरतो. प्रसेनजीत सरांनी एकदा विचारलं, हे कसलं काम? रूपाली म्हणाली, राहू द्या सर.

आणि घंटा वाजते. पुढं सरकत नाही, पण वाजते. थांबलेल्या गाडीचे बैल मान हलवतात तेव्हा वाजते तशी. खण्ण. मग माझा एक गठ्ठा झेरॉक्स काढून होतो. मग खद्द.

हे लिहितोय तेव्हा गणपती गेलेत. आज सकाळी मी दुकान उघडलं तर पायरीवर ऊन पडलं होतं. जिन्यात अमरसिंह उभा होता आणि वर बघत होता. आभाळ निळंशार, कालची रेघ ओढायला एक ढग नाही.